आजोबांचं ७५ रुपयांचं बक्षीस आणि कॉलेजचा नवा एन्डॉवमेंट फंड – दोन वर्षांचा अनुभव, ३ स्टार

पाचपैकी तीन. त्यातला एक पूर्ण स्टार अकाउंट सेक्शनमधल्या मॅडमचा आहे, संस्थेने त्यावर हक्क सांगू नये. कॉलेजचं नाव देत नाही, कारण तिथे आमचे पैसे अडकलेत (अडकलेत म्हणजे कायमचेच, तीच तर स्कीम आहे) आणि बाबांची तिथे अजून ऊठबस आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर मी एवढी का चिडले ते कळणार नाही. माझे आजोबा याच कॉलेजात गणित शिकवायचे. १९७४ ला रिटायर झाले तेव्हा त्यांनी कॉलेजकडे १,००१ रुपयांची ठेव ठेवली, बीएस्सीला गणितात पहिल्या येणाऱ्याला दर वर्षी व्याजातून बक्षीस द्यायचं आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. साडेसात टक्के धरून ७५ रुपये. बाबा सांगतात की पहिल्या वर्षी ज्याला मिळालं त्याने त्यात पुस्तकं घेतली आणि उरलेल्या पैशांचे पेढे घेऊन घरी आला होता. आता २०२३ चा जानेवारी. बक्षीस समारंभाला आम्हाला आमंत्रण, देणगीदारांचे कुटुंबीय म्हणून पहिल्या रांगेत, शाल, नारळ, सगळं यथासांग. मुलगी स्टेजवर गेली, पाकीट घेतलं, खाली येऊन उघडलं आणि परत एकदा आत बोट घालून बघितलं की काही राहिलंय का. ७५ रुपयेच होते. पन्नासची एक, वीसची एक आणि पाचचं नाणं. शाल बक्षिसापेक्षा महाग होती, आणि ती शाल माझ्या खांद्यावर होती.

यात कुणी चोरी केली नाही हे सगळ्यात वाईट. आजोबांनी सांगितलं तसंच झालं, पन्नास वर्षं कुणी मुद्दलाला हात लावला नाही, व्याज इमानदारीत वाटलं, आणि तरी पैसा मेला. म्हणजे १,००१ रुपये कागदावर शाबूत आहेत पण त्यांच्यात जीव नाही. कॉलेजच्या जिन्याजवळ असा एक लाकडी बोर्डच आहे, कै. अमुक स्मरणार्थ ५१ रुपये, कै. तमुक स्मरणार्थ १०१ रुपये, सोनेरी अक्षरात. तुमच्याही कॉलेजात असणार, जाऊन बघा.

त्याच समारंभात नवीन फंडाची घोषणा झाली. चकचकीत ब्रोशर, नाव 'अक्षय निधी' (एन्डॉवमेंट फंड, म्हणजे मुद्दल राखून त्याच्या उत्पन्नातून खर्च करायचा), आणि पहिल्याच पानावर हार्वर्डचा फोटो. आत रेट कार्ड असावं तसे प्रकार दिलेले, बक्षीस, शिष्यवृत्ती, व्याख्यानमाला आणि सगळ्यात वर अध्यासन (देणगीदाराच्या नावाचं प्राध्यापकपद). आत्या म्हणाली आपण मिळून काहीतरी ठेवू दादांच्या नावाने (आजोबांना घरात सगळे दादाच म्हणायचे). मी, बाबा आणि आत्या असे मिळून ५ लाख झाले. द्यायचे हे ठरलेलंच होतं, पण मी म्हटलं या वेळी आधी चौकशी करायची, मग चेक फाडायचा.

चौकशी केली तर कळलं की या बाबतीत आपल्याकडची जुनी माणसं चांगलीच हुशार होती, नंतर कुठेतरी आपण फक्त शाल-नारळ लक्षात ठेवलं. एसएनडीटीचंच बघा ना, कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं ते घरोघरी फिरून गोळा केलेल्या पैशांवर, आणि १९२० ला विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले, आईच्या नावाने, म्हणून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्या काळचे १५ लाख! साडेतीन टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला बावन्न हजार पाचशे, म्हणजे दर वर्षी झोळी घेऊन फिरायची गरजच कमी झाली. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, अर्थशास्त्राचं, १९३० ला उभं राहिलं ते साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळ्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला दिलेल्या देणगीवर, आणि त्यांच्या नावाने जे काळे व्याख्यान चालतं त्यात १९३९ ला डॉ. आंबेडकर फेडरेशनवर (संघराज्याच्या योजनेवर) बोलले होते. आमच्याकडच्या व्याख्यानमालेत गेल्या वर्षी 'सकारात्मक विचारांची शक्ती' हा विषय होता. असो.

डेक्कन कॉलेजची गोष्ट तर मी आत्याला दोनदा सांगितली. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीसाठी जमशेटजी जीजीभाईंचे पैसे होते. १९३४ ला सरकारने कॉलेज बंद करून टाकलं, तर माजी विद्यार्थी कोर्टात गेले, की बाबांनो देणगी कॉलेज चालवण्यासाठी म्हणून घेतलीत, आता कुलूप कसं लावता. आणि १९३९ ला ते परत उघडलं, पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. म्हणजे देणगीच्या कागदावर अट नीट लिहिलेली असेल तर देणारा गेल्यावर कित्येक वर्षांनीसुद्धा ती अट सरकारशी भांडते. आत्या रिटायर्ड तलाठी, तिला ही गोष्ट फारच आवडली. तिने लगेच सांगितलं, कागद मी वाचल्याशिवाय सही करायची नाही.

बरं आता तो ब्रोशरवरचा हार्वर्ड. त्यांच्याकडे २०२५ च्या जूनला ५६.९ अब्ज डॉलर होते. आकडा ऐकून आपण सोडून देतो, पण मजा आकड्यात नाही, पद्धतीत आहे. ही एक मोठी तिजोरी नाहीच, १४ हजारांच्या वर वेगवेगळे छोटे-मोठे फंड आहेत आणि त्यातला साधारण ८० टक्के पैसा देणाऱ्याच्या अटींनी बांधलेला आहे, हा या विषयाच्या प्राध्यापकासाठी, तो त्या स्कॉलरशिपसाठी. गुंतवतात एकत्र, हिशेब मात्र वेगळा. आणि दर वर्षी सगळी कमाई वाटत नाहीत, एकूण किमतीच्या साधारण पाच टक्क्यांच्या आसपास काढतात, बाकी आतच राहतं. एखाद्या वर्षी बारा टक्के मिळाले म्हणून बारा टक्के उडवले असं नाही. येल विद्यापीठात तर फॉर्म्युलाच आहे, ८० टक्के वजन मागच्या वर्षी जेवढा खर्च केला त्याला, महागाई लावून, आणि २० टक्के वजन फंडाच्या किमतीच्या सव्वापाच टक्क्यांना. म्हणजे बाजार गडगडला तरी प्राध्यापकाचा पगार त्याच वर्षी गडगडत नाही. तरी झळ बसतेच, २००८-०९ ला हार्वर्डच्या गुंतवणुकीला एका वर्षात २७ टक्के तोटा झाला होता आणि त्यांना बांधकामं थांबवावी लागली होती. पण फंड मेला नाही.

अजून जुनं उदाहरण केंब्रिजचं. हेन्री लुकास नावाच्या खासदाराने १६६३ ला मृत्युपत्रात गणिताच्या प्राध्यापकासाठी तरतूद केली, वर्षाला १०० पौंड उत्पन्न देईल एवढी जमीन. त्या खुर्चीवर १६६९ ला न्यूटन बसला आणि १९७९ ते २००९ हॉकिंग. माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली, की लुकासने रोख रक्कम ठेवली नाही, जमीन ठेवली! रोख कुजते, जमिनीचा खंड वाढतो. आजोबांनी त्या १,००१ रुपयांत १९७४ ला गावाबाहेर एखादा तुकडा घेऊन कॉलेजच्या नावे केला असता तर आज गणित विभागाला स्वतःची बिल्डिंग असती. (किंवा एखाद्या नगरसेवकाला असती, तेही आहेच.)

तर हा सगळा अभ्यास घेऊन आम्ही निधी समितीच्या सरांकडे गेलो. सर म्हणजे माजी प्राचार्य, सत्तरीचे, अतिशय सज्जन माणूस, चहा, खारी, सगळं आलं. मी विचारलं सर, दर वर्षी किती टक्के खर्च करणार? ते म्हणाले, "अगं व्याज येईल तेवढं वाटायचं, त्यात काय एवढं?" मी म्हटलं आणि मुद्दल? "मुद्दल कायम! एक पैसा हलणार नाही, माझा शब्द." आत्याने चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, ते हललं नाही म्हणूनच तर ७५ रुपये झाले." सर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले आमच्याकडे आजवर असं कुणी विचारलं नाही.

इथे मला खरं तर एक स्टार कमी करायचा होता पण सरांनी ऐकून घेतलं म्हणून नाही केला.

हिशेब सांगते, कंटाळा आला तर पुढे जा. ५ लाख, एफडी ७ टक्के, वर्षाला ३५ हजार. सगळे वाटले तर पहिल्या वर्षी मुलगी खूश. महागाई ६ टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत त्या ३५ हजारांची किंमत निम्मी, चोवीस वर्षांत पाव, आणि माझी मुलगी माझ्या वयाची होईल तेव्हा परत पाकिटात बोट घालून बघायची वेळ. खरंखुरं अक्षय ठेवायचं असेल तर ७ मधून ६ वजा, म्हणजे फक्त १ टक्का, ५ हजार वाटता येतात. हे ऐकून बाबांचा चेहरा पडला, ५ लाख देऊन ५ हजारांचं बक्षीस? तर हो, एफडीत ठेवलं तर हेच आहे. अमेरिकेतले पाच टक्के काढू शकतात कारण त्यांचा पैसा शेअर, कंपन्या, जमिनी, कुठे कुठे आहे. आपल्याकडे धर्मादाय संस्थेला कुठे गुंतवायचं याची कायद्यात यादीच आहे, बँक, पोस्ट, सरकारी रोखे वगैरे, म्युच्युअल फंडही त्यात चालतो, पण थेट शेअर उचलले असं जमत नाही. आणि जे चालतं तेही समित्या करत नाहीत, कारण एफडीत पैसा हळूहळू मेला तर कुणाला जबाब द्यावा लागत नाही, म्युच्युअल फंड एक वर्ष खाली गेला तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतात. मला यात त्यांची चूक अर्धीच वाटते.

अध्यासनाबद्दल पण विचारलं, घ्यायचं नव्हतं, उत्सुकता. रेट होता ५० लाख. मी फोनवर कॅल्क्युलेटर काढला. सातव्या वेतन आयोगात प्राध्यापकाचा मूळ पगारच १,४४,२०० ला सुरू होतो, भत्ते धरून महिन्याला अडीच लाखांच्या घरात, वर्षाला ३० लाख. ४ टक्के काढायचे म्हटले तर साडेसात कोटींचा फंड लागतो एका माणसासाठी! मग ५० लाखांत काय येतं? साडेतीन लाख व्याज, म्हणजे आधीच नोकरीत असलेल्या एखाद्या सरांना नावापुढे लावायला पद, थोडं मानधन, दोन सेमिनार आणि एक फ्लेक्स. परदेशात पण बरेचदा चेअर (अध्यासन) आधीच नेमलेल्या प्राध्यापकालाच मिळते, पण तिथे फंडातून त्याचा पगार निघतो आणि तेवढा पैसा विद्यापीठाला दुसरा माणूस घ्यायला मोकळा होतो, हा मोठा फरक. आपल्याकडे पद भरायचं की नाही हे सरकारच्या मान्यतेवर लटकलेलं, आमच्या या कॉलेजात गणित विभागात कायम माणूस एकच आणि बाकी तासिका तत्त्वावर, सीएचबी. त्या सीएचबीवाल्या मुलांच्या तासाच्या पैशात भर घालायला फंड काढा, मी अजून देते, असं म्हटलं तर सर म्हणाले, नाव कुणाचं लावायचं मग त्याला. हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता.

मोठ्या ठिकाणी चित्र वेगळं आहे हे मान्य. नंदन नीलेकणींनी २०२३ ला आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरून ४०० कोटी. तिथे माजी विद्यार्थ्यांचं नीट ऑफिस आहे, परदेशात फाउंडेशन आहे, पाठपुरावा करणारी माणसं आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी पण कमावतात हो, पण त्यांना कुणी कधी पत्र पाठवत नाही. आम्हाला पाठवलं ते शाल द्यायची होती म्हणून.

शेवटी करार झाला. आत्याने तीन वेळा बदलायला लावला. त्यात आम्ही घातलेलं कलम असं, की दर वर्षी त्या वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या रकमेच्या ३ टक्केच वाटायचे, उरलेलं सगळं व्याज मुद्दलात जमा करायचं, आणि जूनमध्ये एक पानी हिशेब द्यायचा. ३ टक्के हा मधला मार्ग, १ टक्का बाबांना पटेना आणि ७ मला. महागाईला पूर्ण पुरणार नाही हे माहितीय, पण मरण लांबेल. गणिताचीच अट ठेवली, पण "गणित विभाग बंद झाल्यास जवळच्या विषयास" हे वाक्य आत्याने घातलं आणि सरांना जरा लागलं ते. पत्रात 'ही देणगी कॉर्पससाठी' (म्हणजे कायम मुद्दलासाठी) असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर ती चालू खर्चाची देणगी धरली जाऊ शकते, हे मॅडमनी सांगितलं, मला माहीत नव्हतं. टॅक्सचं म्हणाल तर तेव्हा ८०जी (देणगीवरची करसवलत) मिळत होतं पण जुन्या रिजीमवाल्यांनाच, मी नव्यात गेले असल्याने मला काही नाही, आत्याला मिळालं. त्यासाठी लागणारं देणगीचं १०बीई सर्टिफिकेट दोन फोन केल्यावर आलं.

आता सर्व्हिस. पैसे ऑगस्ट २०२३ ला दिले, पहिला हिशेब २०२४ ला जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये आला, तोही मागितल्यावर. व्याज ३५,०००. शिष्यवृत्ती १५,०००. आणि पुढची ओळ, 'कार्यक्रम खर्च २०,०००'. शिल्लक शून्य. मी तीन वेळा वाचलं. फोन केला तर क्लार्क म्हणाला मॅडम समारंभ होतो ना, मंडप, माईक, पाहुण्यांचा सत्कार, ते सगळ्या निधींवर थोडं थोडं टाकतो. म्हणजे त्या वर्षी मला जी शाल मिळाली ती माझ्याच पैशांची होती! आजोबांच्या फंडाला पन्नास वर्षं लागली मरायला, हा पहिल्याच वर्षी आजारी पडला.

मी रागाने लांबलचक ईमेल लिहिला, उत्तर नाही. मग आत्या स्वतः गेली, एसटीने, करार घेऊन. अकाउंटच्या मॅडमनी कलम वाचलं, रजिस्टर काढलं, आणि म्हणाल्या हे चुकलंय, मला हा करार कुणी दाखवलाच नव्हता, फाइल सरांच्या कपाटात होती. पंधरा दिवसांत ते २०,००० संस्थेच्या जनरल खात्यातून आमच्या निधीत परत. शिवाय त्यांनी एक वही घातली, प्रत्येक निधीचं एक पान, वर अट लाल पेनने. हार्वर्ड १४ हजार फंडांचं जे करतं ते मॅडमनी सेहेचाळीस फंडांचं एका वहीत केलं, आणि त्यांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर आहे. म्हणून तो स्टार.

दुसऱ्या वर्षीचा हिशेब वेळेवर आला, सुरुवात ५,२०,०००, व्याज ३६,४००, वाटप १५,६००, अखेर ५,४०,८००. पैशापैशाला जुळलं. १५,६०० ज्या मुलीला मिळाले तिने त्यातून एमएस्सीच्या प्रवेशाची फी भरली असं कळलं, थेट बँकेत गेले त्यामुळे पाकिटाचा प्रश्नच नाही.

काय आवडलं: सज्जन माणसं, ऐकून घेतात, अट लिहून द्यायला तयार होतात जर तुम्ही आग्रह धरला तर. काय नाही आवडलं: आग्रह धरला तरच. गुंतवणूक सगळी एकाच बँकेत एफडी, त्याबद्दल विचारलं की 'पुढच्या मीटिंगला ठेवू', अशा चार मीटिंग झाल्या. सगळ्या फंडांचा एकत्र वार्षिक अहवाल देणगीदारांना देत नाहीत. आणि जुन्या बक्षिसांचं काय करायचं हे कुणालाच ठरवायचं नाही. बाबांनी लेखी दिलं की आजोबांची जुनी ठेव नव्या निधीत मिळवून टाका, आमची हरकत नाही. उत्तर आलं, मूळ देणगीदाराचं संमतीपत्र जोडावं. आजोबा १९९१ ला गेले.

त्यामुळे ते ७५ रुपयांचं बक्षीस यंदाही दिलं गेलं, वेगळं पाकीट करून, त्याच मुलीला. समारंभात या वेळी शाल नव्हती, सगळ्या देणगीदारांना एकेक गुलाबाचं फूल दिलं. ते कुठल्या खात्यातून आलं ते अजून विचारलेलं नाही, जूनचा हिशेब आला की बघते.